जवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत शार्प: फोकस नेमका कुठे धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिमी लेन्स, साधारण एक मीटरवर शेवाळलेला दगड, त्यामागे मोकळं मैदान आणि शेवटी डोंगररांग. हायपरफोकल तक्ता (कुठल्या लेन्सला आणि ॲपर्चरला कुठे फोकस केला की क्षितिजापर्यंत सगळं शार्प येईल ते सांगणारा) बघून तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/२२ इतकं बारीक केलं (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) आणि ९० सेंटिमीटरवर फोकस केला. दगड चांगला आला, पण मोठ्या स्क्रीनवर डोंगर सॉफ्ट दिसतात. कुणी सांगतं एक तृतीयांशावर फोकस करा, कुणी सांगतं सरळ इन्फिनिटीवर, म्हणजे अनंत अंतरावर करा. मग ऐकायचं कुणाचं?

तक्ता वापरण्यात तुमची काही चूक झालेली नाही. त्याने जेवढं कबूल केलं होतं तेवढं तुम्हाला मिळालं. ते कबूल केलेलं तुम्हाला पुरेसं नाही, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आधी तक्ता 'शार्प' कशाला म्हणतो ते बघू.

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर खरी शार्प असते. त्या अंतराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रत्येक बिंदूचं सेन्सरवर एक छोटं धूसर वर्तुळ होतं. हे वर्तुळ किती मोठं चालवून घ्यायचं हा माणसांनी ठरवलेला आकडा आहे. फुल फ्रेमचे बहुतेक तक्ते ०.०३ मिमी धरतात. आठ बाय दहा इंचांची प्रिंट काढली तर हे वर्तुळ कागदावर साधारण पाव मिलिमीटरचं होतं, आणि प्रिंट हातात धरून बघणाऱ्याला ते बिंदूसारखंच वाटतं. तुम्ही मात्र फोटो १०० टक्के झूम करून बघताय. ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ०.०३ मिमी म्हणजे जवळपास सात पिक्सेल. डोंगरमाथ्यावरच्या एखाद्या झाडाची सगळी रुंदीच तेवढी असू शकते.

त्यात हायपरफोकल अंतराची व्याख्याच अशी आहे की तिथे फोकस केल्यावर क्षितिज चालवून घ्यायच्या मर्यादेच्या अगदी काठावर येतं. म्हणजे फ्रेममधली सर्वात बारीक तपशिलाची जागा तुम्ही सर्वात वाईट ठिकाणी नेऊन ठेवलीत.

लांबच्या वस्तूचं धूसर वर्तुळ किती मोठं येईल ते काढणं सोपं आहे. फोकल लांबीचा वर्ग घ्यायचा आणि एफ-आकडा गुणिले फोकसचं अंतर याने त्याला भागायचं, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या फोटोत २४ चा वर्ग ५७६, भागिले २२ गुणिले ९००, म्हणजे ०.०२९ मिमी. शिवाय एफ/२२ वर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, अचूक फोकसमधला बिंदूसुद्धा साधारण ०.०३ मिमीची चकती होतो. तुमच्या डोंगरांवर हे दोन्ही एकदम बसले आहेत.

आता तक्त्याची दुसरी बाजू. ९० सेंटिमीटरवर फोकस केलात तर तक्त्याच्या हिशेबाने ४५ सेंटिमीटरपासून पुढचं सगळं शार्प आहे. पण ४५ सेंटिमीटरवर तुमच्या फ्रेममध्ये काय आहे? काहीच नाही. दगड एक मीटरवर आहे. जिथे नुसती हवा आहे ती जागा शार्प ठेवायला तुम्ही डोंगरांची शार्पनेस खर्च केलीत. तक्त्याला तुमची लेन्स ठाऊक असते, ॲपर्चर ठाऊक असतं, पण तुमचा दगड कुठे आहे हे ठाऊक नसतं. माझ्या मते लँडस्केपमध्ये फोकसचा विचार लेन्सपासून सुरू करूच नये. फ्रेममधल्या सर्वात जवळच्या वस्तूपासून करावा.

मी जवळजवळ नेहमी वापरतो ती पद्धत अशी: जी सर्वात जवळची वस्तू शार्प हवी आहे तिचं अंतर बघायचं आणि त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस करायचा. दगड एक मीटरवर असेल तर फोकस दोन मीटरवर. असं केलं की त्या वस्तूवरचं धूसर वर्तुळ आणि क्षितिजावरचं धूसर वर्तुळ सारखं येतं, मग लेन्स कोणतीही असो आणि ॲपर्चर काहीही असो. दोघांनाही सारखा न्याय. यापेक्षा जवळ फोकस केला तर क्षितिज बिघडतं, लांब केला तर दगड बिघडतो. ॲपर्चरने मग एवढंच ठरतं की ते सारखं वर्तुळ किती मोठं असेल.

तुमच्याच दृश्यात दोन मीटरवर फोकस केला असता तर एफ/११ ला ते वर्तुळ ०.०२६ मिमी आलं असतं आणि एफ/१६ ला ०.०१८. एफ/१६ वर डिफ्रॅक्शनची चकती साधारण ०.०२१ मिमीची असते, म्हणजे फोकसचा आणि डिफ्रॅक्शनचा धूसरपणा तिथे बरोबरीला येतो. अशा वेळी त्याच्या आसपासचं ॲपर्चर सर्वात फायद्याचं ठरतं. तुमच्या फोटोला मी एफ/१४ किंवा एफ/१६ लावलं असतं. एफ/२२ ला डिफ्रॅक्शन वरचढ होतं आणि एफ/८ ला फोकसचा धूसरपणा.

दुप्पट अंतर जागेवर कसं ओळखायचं? टेप लावून कुणी फोटो काढत नाही. इथे भूमितीची चांगली मदत होते. जमीन साधारण सपाट असेल, म्हणजे मैदान, वाळू, गवत, संथ पाणी, तर फ्रेममध्ये सर्वात जवळच्या जागेपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या उंचीचा बरोबर मध्य घ्या. त्या मध्यावर जी जमीन दिसते ती दुप्पट अंतरावर असते. कॅमेरा थोडा खाली झुकवला असला तरी हे बिघडत नाही, कारण फोकससाठी लागणारं अंतर लेन्सच्या रोखाने मोजलेलं असतं आणि त्या अंतराचा व्यस्तांक फ्रेमच्या उंचीबरोबर सरळ रेषेत बदलतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, खालची कड आणि क्षितिज यांच्या बरोबर मधला गवताचा झुपका शोधा आणि त्यावर फोकस करा. काम झालं.

एक तृतीयांशाचा नियम कुठून आला असावा तेही यातून दिसतं. बऱ्याच फोटोंत क्षितिज वरच्या एक तृतीयांशाच्या रेषेवर असतं. म्हणजे खालच्या कडेपासून क्षितिजापर्यंत दोन तृतीयांश फ्रेम, आणि त्याचा मध्य म्हणजे खालून एक तृतीयांश. अशा रचनेत, जमीन सपाट असताना, तो नियम अगदी बरोबर लागू पडतो. क्षितिज फ्रेमच्या मध्यावर आणलंत की तो चुकतो, मग मध्य खालून एक चतुर्थांशावर येतो. आणि फ्रेम सोडून प्रत्यक्ष अंतराचा एक तृतीयांश असं कुणी सांगत असेल तर त्याला अर्थ नाही. क्षितिजापर्यंतच्या अंतराचा तिसरा भाग म्हणजे काही किलोमीटर.

मध्याची युक्ती कुठे फसते हे सांगायला हवं. जमीन खाली उतरत असेल, दरीच्या काठावरून फोटो काढत असाल, किंवा जवळची वस्तू जमिनीवर नसून वरून फ्रेममध्ये आलेली फांदी असेल, तर अंदाजच करावा लागतो. दगड उंच असेल तर त्याचा माथा फ्रेममध्ये क्षितिजाजवळ दिसतो, पण अंतर त्याच्या पायथ्याएवढंच असतं. म्हणून मोजताना पायथा धरा. आणि फ्रेमच्या खालच्या कडेला नुसती साधी माती असेल, ती थोडी सॉफ्ट झालेली चालणार असेल, तर सर्वात जवळची वस्तू म्हणून तिला धरू नका.

आता या विषयातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट, ट्रायपॉडची उंची. २४ मिमी लेन्स, आडवी फ्रेम, कॅमेरा पातळीत आणि जमीन सपाट असेल तर खालच्या कडेला दिसणारी जमीन कॅमेऱ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असते. उंची दीड मीटर असेल तर सर्वात जवळची जमीन तीन मीटरवर. फोकस सहा मीटरवर करा आणि एफ/८ लावा, धूसर वर्तुळ ०.०१२ मिमी येतं. म्हणजे अडचणच उरत नाही. तोच कॅमेरा ४० सेंटिमीटरवर आणलात की जवळची जमीन ८० सेंटिमीटरवर येते आणि एफ/१६ लावूनही ०.०२२ मिमीच्या आसपास अडकायला होतं. जमिनीलगतचा फोटो परिणामकारक असतो हे मान्य, मलाही तो आवडतो. पण पुढचा दगड मोठा दिसण्यासाठी किती खाली जावं लागतं हे एकदा तपासून बघा. कॅमेरा एका वितीने वर घेतला तरी रचना टिकते आणि फोकसचं ओझं बरंच हलकं होतं, असा माझा अनुभव आहे. उभ्या फ्रेममध्ये तीच जमीन उंचीच्या सव्वापटीहून थोड्या जास्त अंतरावरच सुरू होते, त्यामुळे तिथे हे आणखी जाणवतं.

'सरळ इन्फिनिटीवर करा' म्हणणाऱ्यांचंही म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. इन्फिनिटीवर फोकस केला तर जवळच्या कुठल्याही अंतरावर साधारण लेन्सच्या ॲपर्चरच्या व्यासाएवढा तपशील वेगळा दिसतो. २४ मिमी एफ/११ ला हा व्यास २.२ मिमी. म्हणजे दगडावरच्या दोन मिलिमीटरपेक्षा मोठ्या भेगा दिसतील, शेवाळाचे बारीक तंतू विरघळतील. दुप्पट अंतरावर फोकस केला तर दगडावर ही मर्यादा निम्मी होते, साधारण १.१ मिमी. जवळच्या वस्तूला मिळणारा फायदा एवढाच असतो, आणि त्याच्या बदल्यात डोंगरांची पूर्ण शार्पनेस जाते. समोर मोठे खडबडीत दगड असतील आणि फोटोचा जीव लांबच्या कड्यात असेल तर मी फोकस दुप्पट अंतरापेक्षा बराच पलीकडे ढकलतो. समोर नाजूक फुलं असतील आणि मागे धुक्यातल्या टेकड्या असतील तर उलट, फुलांकडे झुकतो. धुक्याला कोण शार्प म्हणणार? सारखा न्याय हा सुरुवातीचा मुक्काम समजा. फोटो कशाबद्दल आहे ते बघून पुढे सरकायचं.

ॲपर्चरबद्दल एक गोष्ट. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफरांनी मिळून ग्रुप एफ/६४ स्थापन केला. तो आकडा ऐकून अनेकांना वाटतं की शार्प लँडस्केप म्हणजे ॲपर्चर जास्तीत जास्त बंद. पण एफ/६४ ही मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांची भाषा आहे. आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा कर्ण फुल फ्रेमच्या साडेसात पट असतो, त्यामुळे तिथलं एफ/६४ हे डेप्थ (शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली) आणि डिफ्रॅक्शन या दोन्ही दृष्टींनी तुमच्या कॅमेऱ्यावरच्या एफ/८ ते एफ/९ सारखं आहे. तुमचं एफ/२२ त्यांच्यापेक्षा खूपच जास्त बंद होतं. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर दीडने भागा: फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ/११ ला जे मिळतं तेच तिथे १६ मिमी आणि एफ/७ च्या आसपास मिळतं.

एका फ्रेममध्ये न मावणारी दृश्यंही असतात. फूल ३० सेंटिमीटरवर असेल तर दुप्पट म्हणजे ६० सेंटिमीटर, आणि एफ/१६ ला धूसर वर्तुळ ०.०६ मिमी. तक्त्याच्या ढिल्या मापानेही हे दुप्पट आहे. इथे फोकस स्टॅकिंग हाच रस्ता: एकाच जागेवरून वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फ्रेम घ्यायच्या आणि घरी जोडायच्या. किती फ्रेम आणि कुठे, हे नीट ठरवता येतं. कडक माप घेऊ, ०.०१५ मिमी. २४ मिमी एफ/११ ला या मापाने हायपरफोकल अंतर साडेतीन मीटर. पहिली फ्रेम तिथे. पुढची त्याच्या तिसऱ्या भागावर, मग पाचव्या, सातव्या, नवव्या, अकराव्या. म्हणजे अंदाजे ३.५ मीटर, १.१७ मीटर, ७० सेंमी, ५० सेंमी, ३९ सेंमी आणि ३२ सेंमी. एवढ्या सहा फ्रेममध्ये ३० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सलग शार्प पट्टा तयार होतो. पावणेदोन मीटरपासून पुढची सगळी दुनिया पहिल्याच फ्रेममध्ये आली आणि उरलेल्या पाच फ्रेम शेवटच्या दीड-पावणेदोन मीटरसाठी लागल्या. म्हणून हाताने स्टॅक करताना जवळच्या बाजूला फोकस रिंग अगदी थोडी थोडी फिरवा. प्रत्यक्षात मी डोंगरांसाठी आणखी एक फ्रेम थेट इन्फिनिटीवर घेतो, तिचा खर्च काहीच नसतो.

स्टॅकिंगची खरी अडचण वारा आहे. गवताचं पातं दोन फ्रेममध्ये दोन ठिकाणी असेल तर जोडणारं सॉफ्टवेअर त्याची भुतं बनवतं. दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. जवळचं फूल फोकसबाहेर गेलं की पसरून मोठं होतं आणि स्वतःमागचा डोंगराचा भाग झाकतं. त्यामुळे फुलाच्या कडेला डोंगर कुठल्याच फ्रेममध्ये नीट मिळत नाही आणि तिथे धूसर प्रभावळ उरते. उपाय फोटो काढतानाच करायचा: जवळची उंच वस्तू लांबच्या तपशिलावर येऊ देऊ नका, तिच्यामागे साधी जमीन किंवा आकाश राहू द्या. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअल ठेवा, आणि उजेड पळत असेल तर मोजक्या फ्रेममध्ये आटपा.

टिल्ट लेन्स हा तिसरा मार्ग. ऑस्ट्रियन सैन्याधिकारी थिओडोर शाइम्फ्लुग यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे तत्त्व त्यांच्या १९०४ च्या पेटंटमध्ये आहे, आणि त्यांनी स्वतः त्याआधीच्या ज्यूल कार्पांतिए यांच्या कामाचं ऋण मान्य केलं होतं. लेन्स पुढे झुकवली की शार्पनेसचं प्रतल जमिनीवर आडवं पडतं. २४ मिमी लेन्स जमिनीपासून १.२ मीटरवर असेल तर जेमतेम एक अंशाहून थोडं जास्त झुकवणं पुरतं. मैदान, वाळवंट, फुलांचे ताटवे यांसाठी ही लेन्स सुरेख आहे. जवळ उंच झाड किंवा सुळका असेल तर त्याचा माथा त्या प्रतलाबाहेर राहतो, आणि मग ती फार कामाची नाही. फक्त या एका कारणासाठी मी ती घ्यायला सांगणार नाही.

जागेवरचा क्रम मी असा ठेवतो. आधी रचना आणि उंची पक्की करतो. झूम लेन्स असेल तर फोकल लांबी ठरल्यावरच फोकस करतो, कारण झूम बदलल्यावर बऱ्याच लेन्सचा फोकस हलतो. मग मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा, दुप्पट अंतरावरचा झुपका किंवा खडा पकडून रिंग हळू फिरवायची. शार्प होऊन पुन्हा सॉफ्ट होईपर्यंत पुढे जायचं आणि मग परत यायचं. शार्पनेसचं शिखर असं दोन्ही बाजूंनी गाठलं की चूक राहत नाही. ॲपर्चर बंद करून, डेप्थ प्रीव्ह्यू (निवडलेल्या ॲपर्चरला दृश्य कसं दिसेल ते दाखवणारं बटण) दाबून, तसंच मोठं करून आधी दगड आणि मग डोंगर बघायचा. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. इन्फिनिटीसाठी रिंग शेवटपर्यंत फिरवून थांबू नका. ऑटोफोकस लेन्सची रिंग सहसा इन्फिनिटीच्या थोडी पलीकडे जाते आणि तिथे डोंगरही सॉफ्ट होतात.

शेवटी, सगळा दोष फोकसवर टाकण्याआधी तुमची फाइल पुन्हा उघडा. दगड शार्प पण त्याच्या शेजारचं गवत एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर तो वारा आहे. तिथे आयएसओ वाढवून शटर वेगवान करा, फोकसला हात लावू नका. डोंगरांच्या कडा नागमोडी किंवा थरथरत्या दिसत असतील तर ती तापलेली हवा आहे, पहाटे परत जाण्याशिवाय त्यावर इलाज नाही. डोंगर फक्त फिके असतील पण त्यावरच्या रेषा ठाम असतील तर तो धुरकटपणा आहे आणि कॉन्ट्रास्ट वाढवून बराच निघतो. आणि डोंगररांगेची एकच बाजू सॉफ्ट असेल तर एक चाचणी करा: एफ/८ लावा, ट्रायपॉडवरून डोंगरावरच फोकस करा, तोच सुळका फ्रेमच्या डाव्या कडेला ठेवून एक फोटो आणि उजव्या कडेला ठेवून दुसरा. दोन्हींत स्पष्ट फरक आला तर लेन्समधली काच सरकलेली आहे, आणि ती सर्व्हिसला दिल्याशिवाय वरचा कुठलाही हिशेब जुळणार नाही.